गेलेल्यांना बोलावणं

१

खिडकी उघडायच्या आधीच तो माणूस येऊन उभा होता. काकूंनी पडदा सारला, पेनाचं टोपण काढलं, तेव्हा त्याने मोबाइल काचेच्या फटीतून आत सरकवला.

"हे तुमच्याकडून आलंय का, काकू?"

छातीच्या रुग्णालयात काकूंना सगळेच काकू म्हणत. मोठे डॉक्टरही म्हणत आणि फरशी पुसणारी बाईही. त्यांनी चष्मा वर ढकलून वाचलं. परवा आलेला निरोप होता. 'सकाळी दहा वाजता तपासणीसाठी यावे' एवढंच त्यात लिहिलेलं, पुढे आजची तारीख, आणि वर एका बाईंचं नाव.

"ही माझी आई," तो म्हणाला. "शिवणकाम करायची. जाऊन नऊ वर्षं झाली. इथेच गेली, वरच्या मजल्यावर."

काकूंना बाई आठवल्या. बोटाला कायम शिवणकामाची टोपी, आणि खोकताना तोंडावर कापडाचा एखादा तुकडा. "चुकून गेलं असेल हो," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटर आहे, चालायचंच."

"चुकूनच, कळतं मला. पण म्हटलं, एकदा बघून यावं." एवढं बोलून तो बाकावर जाऊन बसला. दहा वाजेपर्यंत बसला. दार वाजलं की मान वर करायचा. दहा वाजून गेले तसा उठला आणि निघून गेला.

असा येणारा हा पहिला नव्हता. तीन आठवड्यांपासून हे चाललं होतं. आधी गवंडी आला, बायकोला बोलावलंय म्हणून. मग एक मुलगी वडिलांचा निरोप घेऊन आली. एका म्हातारीने तर खालच्या आवाजात विचारलं होतं, "हे आत आलेत का हो? मी बाहेर थांबते, पण आलेत का तेवढं सांगा." तेव्हापासून दार करकरलं की काकूंचीही मान वर जात होती, आणि आपली मान वर गेली याची त्यांना मागाहून लाज वाटत होती.

पण त्या दिवशी गेलेल्यांची काळजी करायला काकूंना सवड नव्हती. त्यांनी परवा नोंदवलेला एक सुतार काल संध्याकाळी वॉर्डात मेला होता. दम्याने नाही, इंजेक्शनने. आणि त्याच्या मरणाचं खापर काकूंच्या डोक्यावर फुटायचं होतं.

२

व्यवस्थापक रागावले की आवाज खाली आणत. त्या दिवशी ते जवळजवळ कुजबुजत होते.

"सुताराला पेनिसिलीन चालत नव्हतं. त्याच्या बायकोचं म्हणणं आहे की खिडकीवर स्पष्ट सांगितलं होतं. कॉम्प्युटरवर सूचनांचं पान कोरं आहे. एकतर तुम्ही ऐकलं नाही, नाहीतर लिहिलं नाही. यातलं काय, काकू?"

"मी लिहिलं."

"मग गेलं कुठे?"

काकूंना आठवत होतं ते असं: सुताराच्या भुवयांत लाकडाचा भुसा होता. तो म्हणाला, लहानपणी त्या औषधाने मरता मरता वाचलोय. आणि आपण ते टाइप केलं. पण खिडकीवर बारा वर्षं बसलं की हात आपोआप चालतात. हाताने केलेलं खरंच केलं, की रोज करतो म्हणून केल्यासारखं वाटतंय, हे त्यांचं त्यांना कालपासून कळेनासं झालं होतं. रात्रभर त्यांनी एकच प्रश्न स्वतःला विचारला होता: त्या माणसाला मी मारलं का?

दाराशी त्यांचा धाकटा दीर उभा होता. रुग्णालयाचे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. काकूंचं लग्न झालं तेव्हा तो चड्डी सावरत शाळेत जाणारा पोर होता. त्याचा अभ्यासही काकूंनीच घेतलेला. त्याला राहवलं नाही.

"साहेब, वहिनींनी घाईत नाही नोंदवलं त्याला. सव्वाअकराला पहिल्या खिडकीवर नोंद झालीय. त्याच्या आधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं कुणीच नव्हतं. गर्दीत चूक होते, त्या वेळी गर्दीच नव्हती."

"तुम्ही दीर आहात. तुम्ही हेच म्हणणार," व्यवस्थापक म्हणाले. "वरून एक बाई येतायत चौकशीला. त्या पाहुण्या म्हणून येतील, पाहुण्या म्हणूनच वागवा. तोवर काकूंनी खिडकीवर बसायचं नाही. नवीन नोंदी दुसऱ्या खिडकीवर अण्णा करतील."

काकूंनी खुर्चीवरची शाल उचलली. बारा वर्षांत त्या पहिल्यांदाच दिवसाउजेडी घरी जात होत्या.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर काकू नव्हत्या. तरी एक नात आजोबांचा निरोप घेऊन आलीच. आजोबा जाऊन सात वर्षं झाली होती.

३

पाहुण्या बाई ठेंगण्या होत्या आणि सर्दीने बेजार होत्या. रुमाल नाकाला लावूनच त्या आत आल्या आणि सकाळभर बाकावर पेशंटांत बसून राहिल्या. खोकणाऱ्यांच्या गर्दीत त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. दुपारी उठल्या आणि एकेकाशी बोलायला लागल्या.

वॉर्डातल्या सिस्टरचे डोळे सुजले होते. "मी पान उघडून बघितलं होतं, देवाशपथ. कोरं होतं. कोरं पान म्हणजे काही धोका नाही, असंच आम्ही समजतो."

"अशी कोरी पानं बरीच असतात?"

"छे. जुन्या पेशंटची भरलेली असतात. नव्या पेशंटची..." सिस्टर थांबली. तिने डोळे मिटून आठवून पाहिलं आणि मग हळूच भिंतीला टेकली. "नव्यांची हल्ली कोरीच असतात. सगळ्यांची. मला वाटलं नवीन माणसांना काही त्रास नसेल. कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"हल्ली म्हणजे?"

"तीनेक आठवडे."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आधी एक काम सांगितलं: तीन आठवड्यांत आलेल्या आणि अजून वॉर्डात असलेल्या प्रत्येक नव्या पेशंटला तोंडी विचारून घ्यायचं, कुठलं औषध चालत नाही. सिस्टर धावतच गेली.

दुसऱ्या खिडकीवरचे अण्णा शब्दकोडं सोडवत होते. चौकशी म्हटल्यावर त्यांनी कानांवर हात ठेवले. "मला काय विचारता? मी नाव घालतो, पुढची तारीख घालतो, सूचना असल्या तर लिहितो, बटण दाबतो. पडदा कोरा होतो. पुढचा पेशंट."

"आणि केस नंबर?"

"तो कॉम्प्युटर देतो, आपोआप. एकापुढे एक. आपण विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही."

"तुमची नोंद कुठली आणि काकूंची कुठली, हे कसं ओळखायचं?"

"ओळखायचंच नाही," अण्णा हसले. "दोघांचा पासवर्ड एकच. नावाखाली ना खिडकी ना वेळ, नुसती तारीख. म्हणून तर बरं चाललंय आमचं."

बाई दोनदा शिंकल्या. मग दिराकडे गेल्या. तो तारांच्या गुंत्यात बसला होता, दाढी वाढलेली. तीन आठवड्यांपूर्वी इथे काय बदललं, असं त्यांनी सरळच विचारलं.

"काही नाही. प्रोग्रॅम बारा वर्षं जुना आहे, पण मी त्याच्या एका ओळीला हात लावलेला नाही. पाहिजे तर शपथ घेतो."

"शपथ नको. तुम्ही खरं बोलताय, दिसतंय मला," बाई म्हणाल्या, आणि तरी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

व्यवस्थापकांनीही काही बदललं नव्हतं. "बदलायचं आहे ते माणूस," ते म्हणाले. "काकूंना मी वर्षभर सांगतोय, आता विश्रांती घ्या. आणि हे मेलेल्यांना निरोप जाण्याचं म्हणाल, तर इथल्या जुन्या पेशंटची नावं तोंडपाठ कुणाला आहेत, ते तुम्हीच विचारून बघा."

४

काकूंच्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या. एकीवर पाहुण्या बाई बसल्या. मोबाइल फळीवर पालथा ठेवला होता, आणि काकूंचं लक्ष बाईंकडे कमी आणि फळीकडे जास्त होतं.

"मी सांगते ते ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल," चहा पुढे करत काकू म्हणाल्या.

"सर्दीने माझंच डोकं चालत नाहीये. बोला तुम्ही."

"ती माणसं ओळीने उठतायत." काकूंनी आवाज खाली आणला. "कॉम्प्युटर आला त्या दिवशी पहिली नोंद मी गवंड्याच्या बायकोची केली. तीन आठवड्यांपूर्वी पहिलं बोलावणं तिलाच. मग छापखान्यातला खिळे जुळवणारा. मग बेकरीवाल्याचे वडील. मी ज्या ओळीने त्यांना आत घेतलं, त्याच ओळीने ती परत येतायत. आणि ती ओळ माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. आता मी खिडकीवर नसले तरी चाललंय, भाऊजी रोज सांगतात. मग हे कोण करतंय? मीच ना?"

बाईंनी कप खाली ठेवला. अंगावर काटा त्यांच्याही आला असावा, कारण रुमाल काही क्षण नाकापर्यंत गेलाच नाही.

"या ओळीत मधला कुणी सुटला का?"

"सुटले काहीजण. त्यांच्या घरचं कुणी आलं नाही. नंबर बदलले असतील."

"आणि जिवंत माणूस कुणी आला का? बोलावणं घेऊन, स्वतःच्या पायांनी?"

काकू नाही म्हणणार होत्या, पण थांबल्या. "बँडवाले आजोबा आले होते. लग्नात क्लॅरिनेट वाजवायचे ते. आता नव्वदीला टेकलेत. तपासायला बोलावलंय म्हणाले. डॉक्टरांनी छाती तपासली, ठणठणीत आहे म्हणून परत पाठवलं. म्हातारपणी तारखांचा घोळ होतो, असं आम्ही समजलो."

"त्यांचा नंबर?"

"पहिल्या पंचवीस-तिसात असेल."

"म्हणजे गेलेल्यांना बोलावणं नाहीच आलेलं, काकू. जुन्यांना आलंय. बारा वर्षांपूर्वी छाती धरून इथे आलेली माणसं आज बहुतेक नसणारच, म्हणून ते मेलेल्यांना आल्यासारखं दिसतंय. आणि ती ओळ तुमच्याशिवाय आणखी एकाला माहीत आहे, नंबर देणाऱ्याला."

एखाद्याला यात दिलासा वाटला असता. काकूंना वाटला नाही. त्या उठून खिडकीशी गेल्या.

"आमचे हे पण त्याच वर्षी दाखल झाले," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. "त्यांची नोंद मीच केली. त्यांच्या नावापुढे जो मोबाइल नंबर आहे, तो माझाच. अकरा वर्षं झाली. रोज मोजतेय मी. शिवणवाल्या बाई झाल्या, त्यांच्यानंतर गुरुजी, मग पाणक्या... आता जवळ आलंय. तुम्ही हसाल, पण मला भीती वाटते, आणि भीती वाटते म्हणावं तर मोबाइल बंदही करवत नाही."

"त्यांचा नंबर कितवा?"

"एकशे त्रेपन्न."

बाई हसल्या नाहीत.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांना पहिल्या खिडकीच्या आत गोळा केलं. व्यवस्थापक, सिस्टर, अण्णा, दीर, आणि तीन दिवसांनी परत आलेल्या काकू. एवढ्याशा खोलीत सहा माणसं म्हणजे हात हलवायला जागा नव्हती.

"सुतार नोंदवला गेला त्याच दिवशी शिवणवाल्या बाईंच्या मुलाला निरोप गेला," बाई म्हणाल्या. "म्हणून मी शिवणवाल्या बाईंचं पान उघडून बघितलं. गेलेल्या बाईचं पान कोण उघडणार? कुणी उघडलंच नव्हतं."

त्यांनी पडदा फिरवला. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या बाईच्या पानावर सगळ्यात खाली एक ताजी ओळ होती. 'पेनिसिलीन अजिबात चालत नाही. लहानपणी जिवावर बेतले होते.'

काकूंनी ती ओळ दोनदा वाचली. आपण लिहिलं होतं. शब्द न् शब्द आपला होता. तेवढ्यात व्यवस्थापक बोलले.

"म्हणजे लिहिलं, आणि मेलेल्या बाईच्या पानावर लिहिलं. हे तर त्याहून वाईट झालं. काकू, तुमचं मन थाऱ्यावर नाही, हेच मी सांगत होतो."

हे काकूंच्या मनातही येऊन गेलं होतं.

"आत्ता कळेल," बाई म्हणाल्या. "आपण एक खोटा पेशंट नोंदवू. मी आधीच सांगून ठेवते, त्याची सूचना कुठल्या केसवर जाऊन पडेल ते. काल संध्याकाळची अण्णांची शेवटची सूचना एकशे बावन्नवर पडलीय. ही एकशे त्रेपन्नवर पडेल."

दिराने झटकन वर पाहिलं. तो नंबर त्यालाही पाठ होता.

"बटण कुणीही दाबलं तरी तेच होणार," बाई काकूंकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या. "अण्णा दाबतील. तुम्ही हवं तर बाहेर बसा. मोबाइल इथे ठेवून जा."

"नाही," काकू म्हणाल्या. "माझ्या हातावर आळ आहे ना? मग माझाच हात बघू दे साहेबांना."

त्या खुर्चीत बसल्या. पेशंट म्हणून अण्णांनी स्वतःचं नाव द्यायला साफ नकार दिला, तेव्हा बाईंनी आपलं दिलं. काकूंनी नाव घातलं. पुढची तारीख, उद्या सकाळी दहा. सूचनांच्या जागी बाईंनी सांगितल्याप्रमाणे 'शिंका फार येतात' असं लिहिलं. एकेक अक्षर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुठेही मेलेल्या माणसाचं नाव नाही, नंबर नाही. मग त्यांचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं.

कुणी घाई केली नाही. बाहेर बाकावर कुणीतरी खोकत होतं.

काकूंनी बटण दाबलं. पडदा कोरा झाला, रोजच्यासारखा. आणि टेबलावरचा मोबाइल थरथरला.

त्यांनी तो उचलला. नवऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पुढे श्री. लावलेलं. अकरा वर्षांत त्या नावाने कुणी काही पाठवलं नव्हतं. उद्या सकाळी दहा वाजता तपासणीसाठी यावे.

"दहा म्हटलं की अकराला उगवणारा माणूस," काकू म्हणाल्या, आणि सगळ्यांसमोर रडू लागल्या.

६

रडणं ओसरेपर्यंत बाई थांबल्या. मग अण्णांचा पाण्याचा पेला त्यांनी काकूंपुढे ठेवला आणि बाकीच्यांकडे वळल्या.

"या कॉम्प्युटरमध्ये दोन कपाटं आहेत असं समजा. एकात पेशंटचं नाव जातं, दुसऱ्यात त्याची पुढची तारीख आणि सूचना. बटण दाबलं की नाव पहिल्या कपाटात पडतं आणि तिथे त्याला आपोआप नंबर मिळतो. तो नंबर सूचनेवर घातला की ती कुणाची ते कळतं, आणि तारखेचा निरोपही त्याच माणसाच्या मोबाइलवर जातो. पण प्रोग्रॅमला तो नंबर आधी माहीत नसतो, विचारावा लागतो. आणि हा जुना प्रोग्रॅम विचारतो काय? 'या पेशंटला कुठला नंबर दिला' असं नाही विचारत. विचारतो, 'तू शेवटचा दिलेला नंबर कुठला?' कपाटं दोनच असताना दोन्हीचं उत्तर एकच यायचं. बारा वर्षं आलं."

"मग तीन आठवड्यांपूर्वी काय झालं?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"तिसरं कपाट आलं. नाव पहिल्या कपाटात पडलं रे पडलं, की त्या तिसऱ्यात आपोआप एक चिठ्ठी पडायची. कुठल्या खिडकीवरून, किती वाजता. त्या चिठ्ठीलाही स्वतःचा नंबर. नवंकोरं कपाट, म्हणून एकपासून सुरू. प्रोग्रॅमने विचारलं, शेवटचा नंबर कुठला? उत्तर आलं, एक. सूचना गेली गवंड्याच्या बायकोला. पुढच्याची छापखानेवाल्याला. काकूंच्या हाताने गेली तशी अण्णांच्याही हाताने गेली. तुम्ही दोघं काहीच चुकला नाहीत."

"आणि ते कपाट आणलं कुणी?"

बाईंना पुढचं बोलणं आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "सुताराची नोंद पहिल्या खिडकीवर सव्वाअकराला झाली, आजूबाजूला दहा मिनिटं कुणी नव्हतं, असं इथे एकाने सांगितलं म्हणे. पण अण्णा म्हणतात, नोंदीत ना खिडकी असते ना वेळ. मग त्याला हे कळलं कुठून?"

कुणाला मागे वळून बघावं लागलं नाही. दिराचा चेहरा पांढरा पडला होता. खरं तर मोबाइल थरथरला तेव्हाच त्याला सगळं कळून चुकलं होतं.

"प्रोग्रॅमला हात नव्हता लावला मी," तो म्हणाला. "नुसता पहारा बसवला. अण्णांनी काही चुकवलं तरी साहेब वहिनींच्या नावावर घालायचे. त्यांना काढायचं चाललं होतं. म्हटलं, कोण काय करतं त्याचा पुरावा असू दे. वहिनींना कुणी उगाच बोल लावला तर दाखवता येईल. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर साहेबांनी बसवू दिला नसता." मग त्याने काकूंकडे पाहिलं. "वहिनी, मला कळलंच नाही हो. मी तुमच्यासाठी..."

त्याने खालचा ओठ चावला.

काकूंना त्या क्षणी राग आला. इतका आला की त्याला मुस्कटात द्यावी असं वाटलं. आणि त्याच वेळी, गणित चुकलं की खालचा ओठ चावणारं ते शाळकरी पोरही त्यांना दिसलं. दोन्ही एकदम वाटलं.

"आधी पहारा काढा," बाई दिराला म्हणाल्या. "मग एकेक सूचना ज्याची त्याच्याकडे परत लावा. मी शेजारी बसते. तो जुना प्रश्नही सुधारून टाकू." व्यवस्थापक काहीतरी बोलायला गेले, तेव्हा त्या रुमालाआडून म्हणाल्या, "तुमच्याविषयीही अहवालात लिहिणार आहे मी. दिराला वहिनीसाठी चोरून पहारा बसवावासा का वाटला, ते."

व्यवस्थापकांचा आवाज त्यानंतर खालीही आला नाही आणि वरही गेला नाही.

७

संध्याकाळी काम उरकलं. सूचना आपापल्या घरी गेल्या. सुताराची ओळही त्याच्या पानावर आली, आता कुणाच्याच कामाची नव्हती तरी. काकूंवरचा ठपका गेला होता. उद्यापासून खिडकीवर या, असं व्यवस्थापकांनी स्वतः सांगितलं. काकूंनी शाल घेतली आणि दिराला म्हटलं, "चला भाऊजी."

"कुठे?"

"माहितीये तुम्हाला."

सुताराचं घर कारखान्याच्या मागे होतं. बायको पायरीवर बसली होती. काकूंना तिने लगेच ओळखलं. उठली नाही, पण जा असंही म्हणाली नाही.

काकूंनी वाटेत पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. तोंडातून मात्र एवढंच आलं, "त्यांनी सांगितलेलं मी लिहिलं होतं. ते दुसऱ्याच्या पानावर गेलं. सिस्टरला दिसलं नाही."

"माझ्यामुळे गेलं," दीर म्हणाला. "वहिनींची काही चूक नाही. मी न विचारता एक गोष्ट बसवली, तिच्यामुळे गेलं. अहवालात माझं नाव येईल, पण त्याआधी तुम्हाला सांगायला आलोय."

सुताराची बायको त्याच्याकडे बघत राहिली. शिव्या देईल, रडेल, दार लावून घेईल, असं काकूंना वाटत होतं. तिने यातलं काहीच केलं नाही.

"सिस्टर सुई घेऊन आली तेव्हा मी तिथेच होते," ती म्हणाली. "ओठांवर आलं होतं माझ्या. यांना अमुक चालत नाही बरं का, म्हणणार होते. मग म्हटलं, खिडकीवरच्या बाईंनी माझ्यासमोर लिहून घेतलंय. परत परत सांगितलं की चिडतात लोक. अडाणी समजतात. म्हणून गप्प बसले." तिचा आवाज फुटला. "तेव्हापासून झोप नाही मला. यांना मीच मारलं असं वाटतंय. बोलले असते तर वाचले असते."

काकू स्वतःचं ओझं उतरवायला आल्या होत्या. तेच ओझं, त्याच शब्दांत, दुसरं कुणीतरी इतके दिवस या पायरीवर घेऊन बसलं होतं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"तुम्ही गप्प बसलात, कारण तुम्हाला वाटलं मी माझं काम केलंय," काकू म्हणाल्या. "ते मी केलं होतं. तुमचं वाटणं बरोबर होतं."

"नक्की लिहिलं होतं?"

"नक्की."

"काय लिहिलं होतं?"

काकूंनी ती ओळ म्हणून दाखवली. लहानपणी जिवावर बेतले होते, हे ऐकल्यावर बाईने पदर तोंडाशी नेला आणि मान हलवली. मग दिराकडे न बघताच ती म्हणाली, "तुम्हाला माफ करणं मला जमायचं नाही. आज तरी नाही."

"नका करू," तो म्हणाला.

ती पायरीवर थोडी सरकली. काकू तिच्या शेजारी बसल्या. दीर समोर उभाच राहिला. बस म्हणून त्याला दोघींपैकी कुणी म्हटलं नाही, आणि तोही निघून गेला नाही.